साखळीतला रुमाल

"तोंडावरचं काढ अन् बोल. ऐकू येऊन नाही राह्यलं."

प्राजक्ताची आई त्यायच्या घराच्या फाटकाच्या आत उभी होती. मी बाहेर, रस्त्यावर. फाटकाले आडवा बांबू बांधलेला. त्या दिवसायत जिकडंतिकडं असेच बांबू होते. बाहेरच्यानं गावात याचं नाही, गावातल्यानं बाहेर जायचं नाही. मले मात्र निरोप धाडून बोलावलं होतं. मी मास्क हनुवटीखाली ओढला. ज्या तोंडाचं यायले भेव, तेच तोंड उघडं कर म्हणून राह्यल्या होत्या. हे मले आता सुचते. तवा मी फक्त हात जोडले.

"काकू, चुकलं माहं. माफ करा."

"जोरात बोल. आत ऐकू गेलं पाह्यजे."

मी जोरात बोलली. ओट्यावर माणसं बसली होती, ती बोलायची थांबली. गच्चीवर बाया उभ्या होत्या. प्राजक्ता दारात होती. प्राजक्ता म्हणजे आमच्या कॉलेजच्या कबड्डी टीमची कॅप्टन. आम्ही दोघी एका ताटात जेवलो नव्हतो, पण एका मातीत लोळलो होतो. ती पाहत राह्यली. मान खाली घातली नाही, अन् आईले थांब बी म्हणलं नाही. मी परत एकदा हात जोडले. मंग काकू म्हणल्या, जाय. मी सायकल काढली अन् निघाली.

माफी कायची? माणूस मारल्याची. बापू गेले ते माह्यामुळं गेले, असं गावानं ठरवलं होतं. खरं सांगू? गावाच्या आधी मीच ठरवलं होतं. म्हणून तर एका निरोपावर गेली.

बापू म्हणजे प्राजक्ताचे मोठे काका. त्यायच्याविषयी सांगाच लागंन, नाहीतर माहं दुखणं काय होतं ते समजणार नाही. पण त्याच्या आधी खेळाचं सांगते.

मी डावा कोपरा खेळते. कबड्डीत बचाव करणाऱ्या पोरी अर्धगोल करून उभ्या राह्यतात. कोपऱ्यातली अन् तिच्या बाजूची, दोघी एकमेकीचा हात धरतात. याले साखळी म्हणतात. समोरची चढाई करत आत आली का कोपऱ्यातलीनं तिच्या पायावर पडायचं अन् बाजूचीनं वरून यायचं. दोघीत हात सुटला का समोरची मधातून निसटलीच समजा. माह्या बाजूले प्राजक्ता राह्यत होती. तिचा उजवा हात कॉलेजच्या पहिल्या वर्षापासून माह्या डाव्या हाताच्या ओळखीचा... नाही, उलटं झालं. माहा उजवा, तिचा डावा. पाहा, अजून बी घाई झाली का डोक्यात गोंधळ होते. हाताले मात्र बराबर माहीत आहे.

मी भीमनगरची. भीमनगर म्हणलं का बुलडाण्यात पुढचं कोणी विचारत नाही, समजून घेते. शाळेत एक पोरगी होती, माह्या डब्याले हात लावत नव्हती. मैदानावर तीच पोरगी माह्या पाठीवर पडून राहायची, तिचा घाम माह्या मानेवरून वाहायचा. म्हणून मले कबड्डी आवडली. पदकाबिदकाचं नंतर आलं. या खेळात मले शिवल्याशिवाय कोणाचं भागत नव्हतं.

मंग कोरोना आला अन् सगळ्या दुनियेले सांगितलं का एकमेकाले शिवू नका.

कॉलेज बंद झालं. पोरीयच्या होस्टेलात कोरोनाच्या पेशंटचं सेंटर केलं. जिमच्या हॉलमधली आमची मॅट गुंडाळून जिन्याखाली टाकली, तठी खाटा लावल्या. मैदानात ॲम्बुलन्स उभ्या राहायला लागल्या. चुन्याच्या रेघा पावसानं गेल्या अन् त्याच्यावर गाजरगवत माजलं. मले हे सगळं कुठून माहीत? माही आई तठी झाडायच्या कामावर लागली होती. कंत्राटदारानं भीमनगरातूनच बाया नेल्या. दुसरं कोणी जायले तयारच नव्हतं. मी कॉलेजात जाऊ शकत नव्हती अन् आई रोज जात होती. घरी येऊन सांगे, तुह्या मैत्रिणीच्या खोलीत आज एक म्हातारा आहे, तुह्या पाणी प्यायच्या नळाजवळ आता कचऱ्याच्या पिवळ्या थैल्या ठेवतात.

खेळाचे सर मोबाईलवर व्हिडिओ धाडायचे. उठाबशा, दंड, श्वासाचा व्यायाम. मी चुलीपासून दारापर्यंत चढाई करत होती, कबड्डी कबड्डी म्हणत. आई म्हणे, समोर कोणी नाही अन् ही दम घुटवून राह्यली, येडी झाली का वं? मी हसत होती. पण आतून जीव टांगणीले लागला होता. विद्यापीठाच्या टीमची निवड त्याच वर्षी होती. एकदा विद्यापीठाकडून खेळली असती तं पुढचा रस्ता उघडला असता. आमच्या घरात दुसरा रस्ता होता तो आईच्या हातातल्या झाडूचा. तो मले नको होता.

लॉकडाऊन जरा ढिलं झालं तवा बापूचा फोन आला. त्यायचं गाव देऊळघाटच्या रस्त्यावर, शेत गावाबाहेर. शेतात खळं होतं. सोयाबीनले अजून टाइम होता, खळं रिकामं होतं. बापूनं ते सारवून घेतलं, राखेनं रेघा मारल्या अन् ज्या पोरी सायकलवर येऊ शकत होत्या त्यायले बोलावलं. जवानीत ते स्वतः खेळले होते. गुडघा गेला तवा खेळ सुटला, पण बसल्या जागी पाय असे हलवत का आता उठून चढाई करतील.

"खळ्यावर आली का तुही जात शेताच्या फाटकाजवळ ठेवत जा," मले म्हणले, "माही मी घरीच ठेवून येतो."

हे दुसऱ्या कोणी म्हणलं असतं तं मी तोंड वाकडं केलं असतं. बापू म्हणले अन् लगेच खाली बसले, धोतर वर केलं, माहे दोन्ही हात धरले अन् स्वतःच्या घोट्यावर ठेवले. "अठी धर. वर धरशीन तं लाथ खाशीन. अठी धरलं का बैल बी हलत नाही." दिवसभर माह्याकडून तो घोटा धरून घेतला. मास्क त्यायच्या गळ्यात लोंबत होता, बोलता येत नाही म्हणून खाली केलेला. माह्या बापानं मले असं कधी शिकवलं नाही. त्याले टाइमच नव्हता.

एक गोष्ट मात्र सांगून ठेवते. खळ्याच्या बाजूले लिंबाखाली माठ होता. पोरी त्याच्यातलं पाणी प्यायच्या. मी विहिरीच्या मोटारीजवळ जाऊन पाइपाले तोंड लावत होती. मले कोणी नाही म्हणलं नव्हतं. बापूनं घे म्हणलं नाही, मी मागितलं नाही. तवा मले याचं काही वाटत बी नव्हतं. उलट वाटे, किती चांगलं माणूस आहे.

त्यायच्या घरी प्राजक्ताच्या भावाचा साखरपुडा झाला. जालन्याकडचे पाहुणे आले, घरातल्या घरात म्हणत अंगणभर पंगत उठली. मले बोलावलं नव्हतं, पण दुसऱ्या दिवशी खळ्यावर बापूनं बुंदी आणली होती, ती मी खाल्ली.

अन् त्याच्यानंतरची ती सकाळ. आई कामावर निघता निघता म्हणली, अंग मोडून आलं वं. ती रोजच म्हणत होती. ते प्लास्टिकचे कपडे घालून दिवसभर झाडायचं, मोडून येणार नाही तं काय होणार? मी ऐकलं, सायकल काढली अन् खळ्यावर गेली. बापूचा घोटा धरला.

हेच ते. एवढंच. पण हे मले कितीक दिवस झोपू देत नव्हतं. माही आई सेंटरमध्ये काम करते हे बापूले माहीत होतं, मी लपवलं नव्हतं. पण त्या सकाळचं आईचं वाक्य त्यायले माहीत नव्हतं. मले माहीत होतं.

बापूले ताप आला. आमच्याच होस्टेलातल्या सेंटरमध्ये आणलं. तठून मोठ्या दवाखान्यात नेलं अन् तठीच गेले. घरच्या लोकायले तोंड सुद्धा पाहू दिलं नाही. त्याच आठवड्यात आईची तपासणी झाली, ती पॉझिटिव्ह निघाली. ज्या होस्टेलात झाडत होती, तठीच तिले खाट मिळाली. गावाले पाह्यजे होतं ते सापडलं. भीमनगरची पोरगी, तिची आई कोरोनाच्या कामावर, रोज खळ्यावर याची. साखरपुड्याची आठवण कोणालेच राह्यली नाही. मले बी राह्यली नाही. मी फाटकावर गेली अन् हात जोडले.

आई बरी होऊन घरी आली. माफीचं मी तिले सांगितलं नाही.

कॉलेज उघडलं तवा फाटकावर कपाळाले बंदूक लावून ताप मोजत होते. वर्गात एक बाक सोडून बसायचं. आम्ही पोरीयनं मिळून गाजरगवत उपटलं. जिन्याखालची मॅट काढली, तं तिचा एक कोपरा उंदरायनं कुरतडला होता. डावा कोपरा. पोरी हसल्या, म्हणल्या, तुह्या जागेचा बेत केला. मी बी हसली. मले वाटलं, सगळं होतं तसं होऊन राह्यलं.

सरावाले उभ्या राह्यलो. मी हात पुढं केला. प्राजक्तानं खिशातून रुमाल काढला. पांढरा, कडेले निळी शिवण. एक टोक स्वतःच्या मुठीत धरलं अन् दुसरं माह्यापुढं लोंबवलं.

"हे धर," म्हणली.

मले वाटलं कोरोनामुळं. मी दुसऱ्या कोपऱ्याकडं पाह्यलं. तठी दोघीयनं एकमेकीचा हात धरला होता. नुस्ता हात. मी सरांकडं पाह्यलं. सर शिट्टीची दोरी बोटाले गुंडाळून राह्यले होते. मंग मले बाजूले घेऊन हळूच म्हणले, तिच्या घरचं माणूस गेलंय, थोडं समजून घे, काही दिवसांचा प्रश्न आहे.

मी समजून घेतलं. समजून घ्यायची सवय आमच्या घरात लहानपणापासून लावतात.

काही दिवसायत मास्क नाकाखाली आले, मंग खिशात गेले. पोरी एका डब्यात हात घालून खायला लागल्या. बंदूक घेऊन उभा राहणारा वॉचमन खुर्चीवर पेपर वाचायला लागला. कोरोना सगळ्या मैदानातून गेला, माह्या अन् प्राजक्ताच्या मधात मात्र राह्यला. सराव झाला का ती रुमाल माह्यापुढं टाके. म्हणे, गरम पाण्यात धुऊन आण. मी घरी नेत होती, धूत होती, वाळवून, घडी घालून आणत होती.

अन् त्या रुमालानं खेळ होत नव्हता, हे बी सांगते. कापड ताणते, घामानं सरकते. समोरची चढाई करून मधातून निघून जाय अन् शिव्या मले पडत. चढाई करणारीले पाडलं का सगळ्या माह्या अंगावर पडत, प्राजक्ता सुद्धा पडत होती. तवा बाट नव्हता, विटाळ नव्हता. धरायच्या टाइमाले बाट होता. ती स्वतः चढाईले गेली का माह्या कोपऱ्याकडं येतच नव्हती. तिले माहीत होतं, मी घोटा धरीन. बापूनं शिकवलेला.

तुम्ही म्हणसान, एवढं सगळं दिसत होतं तं गप काऊन बसली? अपराध्यासारखं वाटत होतं म्हणून. मले वाटे, ही शिक्षा कमीच आहे. माणूस गेलं त्यायचं, अन् मी एका रुमालाचं काय घेऊन बसली? कधीकधी तं रुमाल धुताना बरं वाटत होतं. लाज वाटते सांगायले, पण वाटत होतं.

एका रविवारी आई कपडे धुवाले बसली. माही बॅग उलटी केली तं तो रुमाल निघाला. एवढा भारी रुमाल कोणाचा म्हणून विचारलं. मी काहीबाही सांगितलं. तिनं रुमाल बादलीत टाकला नाही, हातात धरून बसली. मंग मी सगळं सांगितलं. रुमाल सांगितला, फाटक सांगितलं, माफी सांगितली. त्या सकाळचं तिचं वाक्य बी सांगितलं. सांगता सांगता रडली.

आई रडली नाही. तिनं साबणाचे हात लुगड्याले पुसले.

"बापूले सेंटरमध्ये आणलं ना," म्हणली, "तवा त्यायच्या घरचं कोणी आत येऊ शकत नव्हतं. नर्सबाई पाह्यजे तवा मिळत नव्हत्या. मले हाक मारली त्यायनं. पाणी मांगलं. मी उचलून बसवलं अन् माह्या हातानं पाजलं. जोवर तठी होते तोवर मीच पाजलं. अन् मले ताप आला तो त्याच्यानंतर आला."

तिनं रुमाल बादलीच्या काठावर ठेवला.

"मंग मले त्यायच्यापासून झाला असंन का नाही? मी मरता मरता वाचली. माह्या दारात माफी मांगाले कोण आलं?"

अन् उठून कपडे वाळू घालाले गेली. रुमाल तसाच राह्यला, न धुतलेला, बादलीच्या काठावर.

मी तठीच बसली. माह्या डोक्यात हे कधीच आलं नव्हतं. इतके दिवस मी एकाच बाजूनं विचार करत होती. आमच्यापासून त्यायले. त्यायच्यापासून आमाले, असं मनात सुद्धा आलं नाही. रोग आमच्याच घरातून निघणार अन् त्यायच्या घरी जाणार, हे मले कोणी शिकवलं? कोणीच नाही अन् सगळ्यायनं. माठ सोडून पाइपाले तोंड लावायचं बी कोणी शिकवलं नव्हतं.

सोमवारी सराव होता. मलकापूरची स्पर्धा तोंडावर आली होती, तठूनच विद्यापीठाची टीम निवडणार होते. सरांनी दोन बाजू पाडल्या. आम्ही अर्धगोल केला. प्राजक्तानं हात पुढं केला, मी रुमाल काढून द्यावा म्हणून. मी काढला. चुरगळलेला, मळका, जसा होता तसा. तो मॅटवर टाकला अन् तळहात पुढं केला.

"हात धर," मी म्हणलं.

"सर, हिला सांगा."

सर म्हणले, खेळ चालू करा, वाद नको. समोरची पोरगी चढाईले येऊन मधल्या रेघेवर थांबली. कबड्डी म्हणता म्हणता तिचा दम तुटला.

"हात धरल्याशिवाय मी कोपरा खेळणार नाही," मी म्हणलं.

प्राजक्ताचं तोंड लाल झालं. "बापू तुझ्यामुळे गेले," ती म्हणली. एवढ्या दिवसायत तिनं हे तोंडानं पहिल्यांदा म्हणलं. आवाज फुटला होता तिचा. तिले बी बापू प्यारे होते, हे मले माहीत आहे.

"माह्यामुळं गेले का नाही ते मले माहीत नाही, तुले बी माहीत नाही," मी म्हणलं. "पण सेंटरमध्ये त्यायले पाणी माह्या आईनं पाजलं. त्यायनं तिच्या हाताचं पेलं. रुमाल नाही मांगितला. तुमच्या फाटकावर मी माफी मांगितली होती. ती मी परत घेतली."

हात तसाच पुढं ठेवून मी उभी राह्यली. दुसऱ्या कोपऱ्यातल्या दोघीयनं एकमेकीचे हात सोडले अन् खाली पाहत राह्यल्या. सरांनी शिट्टी तोंडात धरली, वाजवली नाही. प्राजक्ताचा हात थोडा हलला, असं मले वाटलं. पण आला नाही. मंग मी मॅटवरून उतरली, पायात चपला घातल्या अन् घरी आली.

टीम माह्याशिवाय मलकापूरले गेली. हरून आल्या असत्या तं मले सांगाले बरं वाटलं असतं. पण जिंकून आल्या. प्राजक्ता विद्यापीठाकडून खेळली. मी नाही खेळली, अन् ते वय परत येत नाही. याचं मले दुःख आहे, आजही आहे, ते मी झाकत नाही.

आता मी भीमनगरच्या मागच्या पडीक जागेत पोरीयले कबड्डी शिकवते. दिवसा एका दुकानात काम करते, संध्याकाळी मैदान. पोरी सगळ्या वस्त्यायच्या आहेत. दोन बागवानाच्या आहेत, एक पाटलाची बी येते, घरी न सांगता. नवी पोरगी आली का मी तिले आधी साखळीत उभी करते अन् हात धराले लावते. जी धरत नाही तिले घरी धाडते. घोटा कुठी धरायचा ते बापूनं शिकवलं तसंच शिकवते. शिकवताना दर वेळी ती सकाळ आठवते अन् हात थांबते. आईनं सांगितलं होतं अंग मोडून आलं, अन् मी गेली. हे ओझं माहं आहे. आईच्या प्रश्नानं ते गेलं नाही, अन् मले ते जायले नको बी. बापूसाठी तेवढं मी बाळगीन. पण ते माहं अन् बापूचं आहे. फाटकातल्या लोकायचा त्याच्यावर हक्क नाही.

बापूच्या नावानं त्यायच्या घरचे आता दरसाल त्याच खळ्यावर पोरीयच्या कबड्डीचे सामने भरवतात. यंदा आमच्या टीमले बी निरोप आला. आई म्हणली, जाशीन का? मी म्हणलं, जाईन.

पोरी घेऊन मी फाटकातून आत जाईन. बापूच्या फोटोले नमस्कार करीन. मंग लिंबाखाली जाईन, माठावरचं झाकण काढीन अन् आधी मी पाणी पिईन, मंग माह्या सगळ्या पोरी पितील. घेऊ का म्हणून कोणाले विचारणार नाही. कोणी अडवलं तं तठीच उभी राहीन, अन् मास्क काढून बोल म्हणायची गरज कोणाले पडणार नाही.